विश्लेषण: रायटिंग पॅडवर लिहिलेल्या नोट्स खरंच 'डिजिटल' होतात का? मराठीत लिहिणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावं?

वह्यांचा ढीग नको, पानं संपायची भीती नको आणि दोन वर्षांपूर्वी लिहिलेली ओळही दोन सेकंदांत सापडेल. इलेक्ट्रॉनिक रायटिंग पॅडच्या जाहिराती साधारण असं काहीतरी सांगतात. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी, क्लास घेणारे शिक्षक, वकील, डॉक्टर आणि मीटिंगमध्ये सतत काहीतरी टिपून घेणारे नोकरदार हे या पॅडचे मुख्य ग्राहक आहेत. किंमत मॉडेलनुसार काही हजारांपासून काही दहा हजारांपर्यंत जाते.

पॅडवर लिहिलेलं हरवत नाही आणि त्याचं वजनही होत नाही, इतपत जाहिरात खरी आहे. प्रश्न आहे तो 'सापडेल' या शब्दाचा. कारण लिहिलेलं साठवणं, ते मशीनला वाचता येणं आणि ते आपल्याला हवं तेव्हा बाहेर काढता येणं, ही तीन वेगवेगळी कामं आहेत. पहिलं काम जवळपास सगळे चांगले पॅड करतात. मराठीत लिहिणाऱ्यांची अडचण दुसऱ्या कामात होते. तिसऱ्या कामाचा विचार बहुतेक जण पॅड विकत घेतल्यानंतर करतात.

रायटिंग पॅड म्हणजे नेमकं काय?

या एकाच नावाखाली बाजारात चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिली वस्तू म्हणजे काही शे रुपयांत मिळणारी एलसीडी पाटी. काळ्या पाटीवर हिरवी किंवा रंगीत रेघ उमटते आणि एक बटण दाबलं की सगळं पुसलं जातं. अमेरिकेतल्या केंट डिस्प्लेज या कंपनीच्या तंत्रज्ञानावरची 'बूगी बोर्ड' ही पाटी २०१० मध्ये बाजारात आली आणि पुढे तशा पाट्या सगळीकडे मिळू लागल्या. साध्या एलसीडी पाटीत काहीही सेव्ह होत नाही. लहान मुलांना गिरवायला ती उत्तम आहे, पण नोट्स डिजिटल करायला तिचा उपयोग नाही.

दुसरी वस्तू म्हणजे कॉम्प्युटरला जोडायचा पेन टॅब्लेट. पॅडवर लिहायचं आणि अक्षर समोरच्या स्क्रीनवर पाहायचं. कोरोनाच्या काळात घरून शिकवणाऱ्या अनेक शिक्षकांनी गणितं सोडवून दाखवण्यासाठी हाच मार्ग धरला. जपानची वॅकॉम ही १९८३ मध्ये सुरू झालेली कंपनी या क्षेत्रातली जुनी आणि मोठी कंपनी आहे.

तिसरा प्रकार ई-इंक पडद्याच्या नोटपॅडचा. नॉर्वेच्या रिमार्केबल कंपनीचे पॅड आणि ॲमेझॉनने २०२२ मध्ये आणलेला किंडल स्क्राइब या गटात येतात. पडदा कागदासारखा दिसतो, डोळ्यांवर प्रकाश मारत नाही आणि बॅटरी बरेच दिवस चालते. कारण ई-इंकच्या पडद्याला मुख्यतः दृश्य बदलतानाच वीज लागते.

चौथा प्रकार म्हणजे पेन चालणारा नेहमीचा टॅब्लेट. आयपॅड किंवा पेनसह येणारे अँड्रॉइड टॅब्लेट यात मोडतात. नोट्सबरोबर यूट्यूब आणि व्हॉट्सॲपही त्याच पडद्यावर असतं. काहींना ती सोय वाटते, काहींना अभ्यासातला अडथळा.

लिहिलेलं पॅडला कसं कळतं?

अनेक पॅडमध्ये पडद्याखाली तारांची बारीक जाळी असते आणि ती चुंबकीय क्षेत्र तयार करते. पेनमध्ये एक छोटी कॉइल असते. पेन पडद्याजवळ आला की या कॉइलला तिथूनच ऊर्जा मिळते आणि टोक नेमकं कुठे आहे, किती दाब दिला आहे, हे पॅडला समजतं. म्हणूनच अशा पेनला बॅटरी लागत नाही. काही टॅब्लेटचे पेन मात्र चार्ज करावे लागतात.

आपण 'क' काढतो तेव्हा पॅडच्या दृष्टीने ते अक्षर नसतं. त्याला दिसतात ते बिंदू. पेन इथे टेकला, असा वळला, तिथे उचलला, मग पुन्हा टेकला. अशा एका सलग रेघेला 'स्ट्रोक' म्हणतात. नोट म्हणजे या स्ट्रोक्सची यादी. ती सेव्ह केली की आपलं हस्ताक्षर जसंच्या तसं पुन्हा दिसतं.

पण सेव्ह झालेलं हस्ताक्षर म्हणजे मजकूर नव्हे. 'पंचायत राज' हे शब्द पॅडवर शंभर ठिकाणी लिहिलेले असले, तरी मशीनने ते अक्षरं म्हणून ओळखले नसतील, तर सर्चमध्ये एकही निकाल येणार नाही. स्ट्रोक्सवरून मजकूर ओळखण्याच्या या पायरीला हस्ताक्षर ओळख म्हणतात आणि खरी कसोटी तिथे लागते.

ही कसोटी किती जुनी आहे?

ॲपलने १९९३ मध्ये 'न्यूटन मेसेजपॅड' आणला. हाताने लिहा, मशीन वाचेल, हे त्याचं मुख्य आकर्षण होतं. सुरुवातीच्या मॉडेलने शब्द इतके चुकीचे वाचले की अमेरिकेत 'डून्सबरी' या गाजलेल्या चित्रपट्टीत त्याची खिल्ली उडवली गेली. नंतरच्या मॉडेलमध्ये सुधारणा झाली, पण १९९८ मध्ये ॲपलने न्यूटन बंद केला.

मधल्या काळात, १९९६ मध्ये, पाम पायलट आला. त्याने उलटा मार्ग घेतला. मशीनला माणसाचं अक्षर शिकवण्याऐवजी माणसालाच 'ग्राफिटी' नावाची सोपी लिपी शिकायला लावली. ते चाललं, कारण इंग्रजीत अक्षरं फक्त २६ आहेत.

भारतीय लिपींसाठीही प्रयत्न झाले. बंगळुरूच्या एचपी लॅब्सने या शतकाच्या पहिल्या दशकात 'जेस्चर कीबोर्ड' तयार केला होता. पॅडवर मूळ अक्षरं छापलेली असत आणि त्यांवर पेनने काना, मात्रा, वेलांटी काढायची. देवनागरीला कीबोर्डपेक्षा पेन जवळचा आहे, ही त्यामागची दृष्टी होती. पण तो पॅड घराघरांत पोहोचला नाही.

२०१५ मध्ये गुगलने हस्ताक्षराने टाइप करण्याचं ॲप आणलं. त्यात ८२ भाषांची सोय होती. पुढे २०२० मध्ये ॲप बनवणाऱ्यांसाठी दिलेल्या गुगलच्या साधनात ही संख्या ३०० च्या वर गेली. त्यात मराठीही आहे आणि ओळखण्याचं काम इंटरनेटशिवाय फोनमध्येच होऊ शकतं. म्हणजे तंत्रज्ञान अस्तित्वातच नाही, अशी स्थिती नाही. अडचण अशी की पॅड बनवणारी प्रत्येक कंपनी आपल्या यंत्रात कोणत्या भाषा द्यायच्या, ते स्वतः ठरवते. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, जपानी यांना प्राधान्य मिळतं. ॲपलने २०२० मध्ये आयपॅडवर 'स्क्रिबल' आणलं, तेव्हा सुरुवात इंग्रजी आणि चिनीपासून झाली होती.

मराठी अक्षर वाचताना मशीन कुठे अडखळतं?

पहिली अडचण शिरोरेषेची. बरेच जण आधी पूर्ण शब्द लिहितात आणि मग वरून एक रेघ ओढतात. मशीनला शेवटी आलेली ही रेघ कोणत्याही एका अक्षराची नसून सगळ्या शब्दाची आहे, हे समजून घ्यावं लागतं. घाईत नोट्स काढणारे तर शिरोरेषा देतच नाहीत. मग 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांच्यातला फरक पुसट होतो. कारण 'ध' आणि 'भ' यांची शिरोरेषा मध्ये तुटलेली असते आणि ती तुटच त्यांची ओळख असते. माणूस संदर्भावरून 'धन' की 'घन' हे ठरवतो. मशीनला तसा अंदाज करायला मराठीचा भरपूर मजकूर आधी पाहिलेला असावा लागतो.

दुसरी अडचण जोडाक्षरांची. एकट्या 'र' ची रूपं बघा. 'अर्क' मध्ये तो डोक्यावर जातो, 'प्रत' मध्ये पोटात, 'ट्रक' मध्ये पायाशी आणि 'दुसऱ्या' मध्ये तो आडवा होऊन पुढच्या अक्षराला चिकटतो. हा शेवटचा 'ऱ्या' मराठीत पावलोपावली लागतो, हिंदीत नाही. त्यामुळे 'देवनागरी चालते' असं सांगणारं पण हिंदीवर घडवलेलं सॉफ्टवेअर 'वाऱ्यावर', 'तुमच्याऐवजी दुसऱ्याला' अशा साध्या शब्दांत अडखळू शकतं. 'ळ' चीही तीच गत.

तिसरी अडचण क्रमाची. 'कि' लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो, पण कॉम्प्युटरच्या युनिकोड पद्धतीत आधी 'क' आणि नंतर वेलांटी साठवली जाते. लिहिण्याचा क्रम आणि साठवण्याचा क्रम वेगळा असल्याने मशीनला अदलाबदल करावी लागते. त्यात 'ऱ्या' हा युनिकोडमध्ये दोन वेगळ्या प्रकारे साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण सर्चला ते वेगळे वाटू शकतात. म्हणजे हस्ताक्षर बरोबर ओळखलं गेलं, तरी शोधताना शब्द निसटू शकतो.

चौथी अडचण आपल्या सवयीची. मराठी नोट्स सहसा फक्त मराठीत नसतात. 'जीडीपी' रोमन लिपीत, त्यापुढे 'म्हणजे' देवनागरीत, एका ओळीत मराठी आकडे आणि पुढच्या ओळीत इंग्रजी. देवनागरीतला १ आणि इंग्रजी नऊ घाईच्या अक्षरात जुळे भाऊ वाटतात. अनेक पॅडमध्ये ओळखीची भाषा एका वेळी एकच निवडता येते. मराठी निवडली तर इंग्रजी शब्द बिघडतात आणि इंग्रजी निवडली तर मराठी.

मग इतकी वर्षं हे सुधारलं का नाही?

याचं एक मोठं कारण नमुन्यांची कमतरता आहे. मशीनला हस्ताक्षर शिकवायचं तर वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेले शब्द आणि त्यांचं बरोबर वाचन, अशा जोड्या लागतात. इंग्रजीसाठी संशोधक अनेक वर्षं 'आयएएम' हा संग्रह वापरतात. त्यात ६५७ जणांनी लिहिलेले १ लाख १५ हजारांहून अधिक शब्द आहेत. देवनागरीसाठी हैदराबादच्या आयआयआयटीमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये मोठा संग्रह मांडला. त्यात सुमारे ९५ हजार शब्द आहेत, पण लिहिणारे फक्त १२ जण.

शब्दांची संख्या जवळपास सारखी आहे, पण हस्ताक्षरांची विविधता खूपच कमी. बारा माणसांचं अक्षर पाहून शिकलेल्या मशीनसमोर नांदेडच्या शिक्षकाचं तिरकं अक्षर किंवा डोंबिवलीच्या विद्यार्थिनीचं गोलसर अक्षर आलं, तर ते गडबडणं स्वाभाविक आहे. मोठ्या कंपन्यांकडे याहून जास्त नमुने असतात, पण ते त्यांच्यापुरतेच राहतात. छोट्या कंपनीला किंवा एखाद्या मराठी ॲप बनवणाऱ्याला ते मिळत नाहीत.

२०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाखांहून अधिक लोक होते. म्हणजे लिहिणाऱ्यांची कमतरता नाही. पुण्याच्या सी-डॅकने छापील हिंदी-मराठी मजकूर वाचणारं 'चित्रांकन' हे सॉफ्टवेअर पूर्वीच तयार केलं होतं आणि केंद्र सरकारचा 'भाषिणी' प्रकल्पही २०२२ पासून भारतीय भाषांसाठी काम करतोय. पण छापील अक्षर आणि हाताने लिहिलेलं अक्षर ही दोन वेगळी गणितं आहेत. हस्ताक्षरासाठी मराठी लोकांच्या संमतीने गोळा केलेला, सर्वांना वापरता येईल असा मोठा संग्रह ही अजूनही मुख्य गरज आहे.

एआय आलं, आता प्रश्न सुटला का?

अंशतः. चॅटजीपीटी, जेमिनाय यांसारखी नवी एआय साधनं पानाचा फोटो पाहून हस्ताक्षर वाचतात आणि नीटनेटक्या मराठी अक्षरावर ती उपयोगी ठरतात. पॅडवरचं पान चित्र म्हणून बाहेर काढायचं, एआयला द्यायचं आणि मजकूर घ्यायचा, हा जुगाड अनेक जण करतात.

मात्र त्यात एक नवा धोका आहे. जुनं सॉफ्टवेअर चुकलं की चूक उघड दिसायची. मजकुराच्या जागी अर्थहीन अक्षरं यायची. एआय अडलं की संदर्भात बसेल असा शब्द घालतं. वाक्य शुद्ध असतं, अर्थही लागतो, फक्त ते आपण लिहिलेलं नसतं. कविता किंवा डायरीत हे एक वेळ चालेल. औषधाचं प्रमाण, सातबाऱ्यावरचा गट नंबर, कायद्यातलं कलम किंवा इतिहासातलं साल असेल, तर एका आकड्याने घोळ होतो. त्यामुळे आकडे आणि नावं मूळ पानाशी ताडून पाहण्याला पर्याय नाही.

शिवाय पान एआयला देणं म्हणजे ते दुसऱ्याच्या सर्व्हरवर पाठवणं. पेशंटची माहिती, अशिलाची केस, ऑफिसची मीटिंग, असं काही त्या पानावर असेल, तर ते पाठवण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

मशीनला वाचता न आलेलं लिखाण किती महाग पडतं?

महाराष्ट्राने याचं मोठं उदाहरण नुकतंच पाहिलं. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर २०२३ मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जुन्या महसुली आणि इतर कागदपत्रांत कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. यातली अनेक कागदपत्रं हाताने लिहिलेली, काही मोडी लिपीत तर काही उर्दूत होती. मोडी वाचता येणारी माणसं शोधावी लागली, एकेक पान नजरेखालून घालावं लागलं. एखाद्या कुटुंबाला दाखला मिळणार की नाही, हे पानावरची एक ओळ कुणाला वाचता येते का, यावर अवलंबून होतं.

अशा पानांचं नुसतं स्कॅनिंग केलं, तर कागद टिकतो, पण त्यातली नोंद शोधायला माणूसच लागतो. आज पॅडवर लिहिलेल्या नोट्सचं प्रमाण लहान आहे, पण तत्त्व तेच. चित्र म्हणून साठलेली दहा हजार पानं म्हणजे दहा हजार पानांची अनुक्रमणिका नसलेली वही.

नोट्स तुमच्या, पण चावी कुणाकडे?

कागदाची वही विकत घेतली की विषय संपतो. वही बनवणारी कंपनी बंद पडली तरी वही कपाटात राहते. पॅडचं तसं नसतं. नोट्स बऱ्याचदा कंपनीच्या खात्यात, कंपनीच्या फाइल प्रकारात आणि कंपनीच्या अटींवर असतात. अटी बदलल्याची उदाहरणंही ताजी आहेत.

रिमार्केबलने ऑक्टोबर २०२१ मध्ये 'कनेक्ट' हे मासिक सबस्क्रिप्शन आणलं. नव्या ग्राहकांना हस्ताक्षराचं मजकुरात रूपांतर करण्यासारख्या सोयींसाठी वेगळे पैसे मोजावे लागणार होते. टीका झाली आणि २०२२ मध्ये कंपनीने यातल्या बऱ्याच सोयी सगळ्यांना खुल्या केल्या. मात्र सबस्क्रिप्शन नसेल, तर गेल्या ५० दिवसांत वापरलेल्या फाइल्सच क्लाउडशी सिंक होतात, अशी मर्यादा ठेवली.

नोट्ससाठी जगभर वापरलं जाणारं 'एव्हरनोट' हे ॲप इटलीच्या बेंडिंग स्पून्स कंपनीने विकत घेतलं. डिसेंबर २०२३ पासून मोफत वापरणाऱ्यांवर ५० नोट्स आणि एका नोटबुकची मर्यादा आली. जुन्या नोट्स पाहता आणि बाहेर काढता येत होत्या, पण नवी नोट लिहायची तर पैसे भरा किंवा दुसरीकडे जा.

गुगलने शाळा आणि ऑफिसांसाठी आणलेला 'जॅमबोर्ड' हा डिजिटल फळा ३१ डिसेंबर २०२४ ला बंद केला. फळ्यावरचं लिखाण पीडीएफ म्हणून काढून घेता येत होतं. म्हणजे चित्र वाचलं, पण त्यात पुढे भर घालण्याची सोय गेली.

यातल्या कुठल्याही कंपनीने लोकांच्या वह्या जाळल्या नाहीत, हे खरं. पण अटी कधी आणि कशा बदलायच्या, हे लिहिणाऱ्याने ठरवलं नाही, हेही तितकंच खरं. यावर तांत्रिक उपाय नाही असंही नाही. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २०११ मध्ये 'इंकएमएल' हा डिजिटल शाईचा खुला फाइल प्रकार मान्य केला होता. तो सगळ्यांनी वापरला असता, तर एका पॅडवरचे स्ट्रोक्स दुसऱ्या पॅडवर उघडता आले असते. प्रत्यक्षात बहुतेक कंपन्या आपापला फाइल प्रकार वापरतात आणि ग्राहक सहजासहजी दुसरीकडे जात नाही.

भारताचा कायदा मदत करतो का?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. आपली कोणती वैयक्तिक माहिती कंपनीकडे आहे ते विचारण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून टाकायला सांगण्याचा हक्क या कायद्याने मिळतो.

पण एक महत्त्वाचा हक्क त्यात नाही. आपला डेटा वापरता येईल अशा स्वरूपात परत घेऊन दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा हक्क युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर कायद्यात आहे. भारताच्या २०१९ च्या विधेयकातही ही तरतूद होती. २०२३ च्या कायद्यात ती राहिली नाही. त्यामुळे नोट्स पुसायला सांगण्याचा हक्क आहे, पण त्या कामाच्या स्वरूपात हातात द्या, असं या कायद्याच्या आधारे ठणकावून सांगता येत नाही.

एवढी कटकट आहे, तर सरळ टाइपच का करू नये?

हाताने लिहिण्याच्या बाजूने पुरावा आहे, पण तो जाहिरातीत सांगतात तितका सरळ नाही. अमेरिकेतल्या पॅम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर यांचा २०१४ चा अभ्यास खूप गाजला. लॅपटॉपवर नोट्स काढणारे विद्यार्थी ऐकलेलं शब्दशः उतरवत होते आणि संकल्पनांवरच्या प्रश्नांत मागे पडत होते. २०१९ मध्ये इतर संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा फरक तितका ठळक दिसला नाही.

नॉर्वेतल्या संशोधकांनी २०२४ मध्ये ३६ विद्यार्थ्यांच्या मेंदूतल्या विद्युत हालचाली मोजल्या. हाताने लिहिताना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांतला समन्वय टायपिंगपेक्षा जास्त दिसला. या प्रयोगात विद्यार्थी कागदावर नव्हे, तर डिजिटल पेनने टचस्क्रीनवर लिहीत होते. पॅडवाल्यांसाठी ही चांगली बातमी आहे. पण या अभ्यासाने मेंदूची हालचाल मोजली, परीक्षेतले गुण नव्हे.

महाराष्ट्रातल्या स्पर्धा परीक्षार्थींसाठी आणखी एक मुद्दा आहे. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचा निर्णय २०२२ मध्ये झाला. विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर तो २०२५ पासून लागू करायचं ठरलं. आता मुख्य परीक्षेत हाताने लांब उत्तरं लिहावी लागतात आणि तीही कागदावर. पॅड नोट्स साठवायला आणि उजळणीला उपयोगी पडेल, पण तीन तास कागदावर लिहिण्याचा सराव कागदावरच करावा लागेल.

विकत घेण्याआधी काय तपासायचं?

एक, खोक्यावर 'मल्टी लँग्वेज' लिहिलंय म्हणून मराठी गृहीत धरू नका. भाषांच्या यादीत मराठी हे नाव आहे का, ते पाहा. फक्त हिंदी असेल, तर मराठी शब्द टाकून बघा.

दोन, दुकानात किंवा ज्यांच्याकडे तो पॅड आहे त्यांच्याकडे हे वाक्य तुमच्या नेहमीच्या अक्षरात लिहून मजकुरात बदलून पाहा: 'धनगरवाड्यापलीकडे घनदाट काळोख, वाऱ्याने ज्ञानेशच्या वहीची १९ पानं उडाली.' यात 'ध' आणि 'घ', 'ऱ्या', 'ज्ञ', 'ळ' आणि १९ हा आकडा एकत्र आहेत. एकदा शिरोरेषा देऊन आणि एकदा न देता लिहा. दोन्ही निकालांतला फरक पाहिला की अंदाज येईल.

तीन, इंटरनेट बंद करून तेच पुन्हा करा. चाललं, तर ओळख पॅडमध्येच होते. नाही चाललं, तर तुमचं अक्षर बाहेरच्या सर्व्हरवर जातंय.

चार, सबस्क्रिप्शन न घेता काय काय बंद होतं, ते लेखी वाचा. विशेषतः एक्सपोर्ट आणि बॅकअप.

पाच, दर महिन्याला सगळ्या वह्या पीडीएफ करून कॉम्प्युटर किंवा पेनड्राइव्हवर ठेवा. पीडीएफला नाव देताना विषय आणि तारीख टाइप करा. प्रत्येक पानाच्या वर मराठीतच दोन-तीन टाइप केलेले मुख्य शब्द ठेवले, तर हस्ताक्षर ओळखलं गेलं नाही तरी पान सापडतं. सध्या मराठी नोट्ससाठी सगळ्यात भरवशाचा मार्ग हाच आहे.

ज्यांच्या नोट्स बहुतांश इंग्रजीत असतात, त्यांच्यासाठी आजचे पॅड जाहिरातीच्या बरेच जवळ जातात. मराठीत लिहिणाऱ्यांना मात्र तेवढ्याच पैशांत अर्धी सोय मिळते. डेटा संरक्षण कायद्याचे नियम २०२७ मध्ये पूर्णपणे लागू होतील, तेव्हा आपल्या नोट्स आपल्याकडे घेऊन जाण्याच्या हक्काची मागणी पुन्हा पुढे येऊ शकते. आणि मराठी हस्ताक्षराचा खुला संग्रह उभा करायचा, तर विद्यापीठं आणि राज्य सरकार यांना पुढाकार घ्यावा लागेल. तोपर्यंत पॅड घेतला तरी पेनड्राइव्हवरची प्रत ठेवणं सोडू नका.